मंगळवारची दुपार ज्याला झेपेल, तो कुत्रा निवडा

पत्र : आमचा मुलगा सात वर्षांचा आहे आणि मुलगी तीन वर्षांची. गेलं वर्षभर मुलाने कुत्र्याचा हट्ट धरला आहे. त्याला हस्की हवा आहे, नवऱ्याला जर्मन शेफर्ड. मला वाटतं लॅब्रॅडॉरचं पिल्लू आणावं, म्हणजे ते मुलांबरोबरच वाढेल. आम्ही दोघं सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा कामावर असतो. घरी सासूबाई असतात, धाकटीला त्याच सांभाळतात. त्यांना कुत्र्यांची सवय नाही, पण त्यांचा विरोधही नाही. त्यांचे गुडघे दुखतात. घर दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. मुलाला धुळीची थोडी अ‍ॅलर्जी आहे. मुलांसाठी सगळ्यांत चांगली जात कोणती, एवढंच सांगा.

नमस्कार.

जातीकडे आपण येऊच. पण तुमच्या पत्रातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून गेला आहात : नऊ ते सहा घरात सासूबाई आणि तीन वर्षांची मुलगी. कुत्रा येईल तो या दोघींच्या सोबतीला येईल. रविवारी तुम्ही सगळे त्याला मैदानावर न्याल, तो चेंडू आणून देईल, तेव्हा कुठलाही कुत्रा गुणीच वाटतो. खरी परीक्षा मंगळवारी दुपारी दोन वाजता आहे. धाकटी झोपेतून रडत उठली आहे, दाराची बेल वाजते आहे आणि कुत्र्याला शू लागली आहे. ही दुपार ज्याला झेपेल, तो कुत्रा तुमच्या घरासाठी योग्य. जात, रंग, नर की मादी हे सगळं त्यानंतर.

म्हणून पहिलं बोलणं सासूबाईंशी करा. ‘विरोध नाही’ याचा अर्थ ‘जबाबदारी घेते’ असा होत नाही. त्यांना नेमके प्रश्न विचारा. कुत्रा पायात घोटाळला तर तुम्हाला तोल सांभाळता येईल का? त्याच्या तोंडातून मुलीचं खेळणं काढायची वेळ आली तर भीती वाटेल का? दुपारी त्याला खाली कोण नेणार? पूर्ण वाढ झालेल्या कुत्र्यालाही चार ते सहा तासांनी बाहेर न्यावं लागतं आणि दुखऱ्या गुडघ्यांनी दोन मजले उतरणं-चढणं रोज जमणार नाही. दुपारची ही एक फेरी करायला भरवशाचं माणूस मिळालं, तरच पुढे विचार करा. ते मिळत नसेल तर कुत्रा आणायची वेळ अजून आलेली नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आता पिल्लाबद्दल. ‘मुलांबरोबर वाढेल’ ही कल्पना फार गोड आहे आणि बहुतेक घरांचा अंदाज इथेच चुकतो. आठ आठवड्यांचं पिल्लू दिवसातले अठरा-वीस तास झोपतं. उरलेल्या वेळात ते चावतं, कुरतडतं आणि शू करतं. शू किती वेळ धरता येईल याचा ढोबळ हिशेब असा : पिल्लाच्या वयाचे जेवढे महिने, त्यात एक मिळवा, तेवढे तास. दोन महिन्यांच्या पिल्लाला फार तर तीन तास, तेही झोपेत असेल तर. जागं असताना उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर, दर वेळी लगेच न्यावं लागतं. म्हणजे दिवसाला आठ-दहा खेपा. त्यात लसी पूर्ण होईपर्यंत, साधारण सोळा आठवडे वयापर्यंत, इतर कुत्र्यांचा वावर असलेल्या जमिनीवर त्याला सोडायचं नसतं. पार्वोचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो आणि लहान पिल्लांचा जीव घेतो.

त्याहून अवघड भाग दातांचा. पिल्लाला २८ दुधाचे दात असतात, सुईसारखे टोकदार. साडेतीन-चार महिन्यांपासून ते पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत ४२ पक्के दात येतात. या सगळ्या काळात हिरड्या शिवशिवतात आणि जे हलेल ते तोंडात घ्यावंसं वाटतं. तीन वर्षांचं मूल घाबरलं की हात वर करून किंचाळत पळतं. पिल्लाच्या लेखी खेळाचं याहून चांगलं आमंत्रण नाही. ते मागे धावतं, फ्रॉक पकडतं, पोटरीला दात लागतात. मूल रडतं, मोठी माणसं पिल्लाला बाल्कनीत बांधतात. असं दिवसातून पाच वेळा झालं की पिल्लू माणसांत कसं वागायचं ते शिकतच नाही. आठव्या महिन्यात हेच लॅब्रॅडॉर पंचवीस किलोच्या आसपास पोचलेलं असतं आणि तुमची मुलगी जेमतेम पंधरा. प्रेमाने मारलेल्या उडीनेही ती जमिनीवर आपटेल. कुत्रा ‘कुणाला तरी द्यायचा आहे’ ही वाक्यं घरोघरी याच सुमाराला ऐकू येऊ लागतात, आणि दोष कुत्र्याचा नसतो.

तेव्हा तुमच्या घरासाठी आमचा सल्ला असा : दोन ते पाच वर्षं वयाचा, बारा ते वीस किलोचा, आधी लहान मुलांच्या घरात राहिलेला, नसबंदी झालेला शांत कुत्रा दत्तक घ्या. मिश्र जातीचा असला तर उत्तमच. दोन वर्षांच्या पुढे कुत्र्याचा स्वभाव बराचसा ठरलेला असतो आणि समोर दिसतो. पिल्लाच्या बाबतीत तुम्ही अंदाजावर चालता. ‘मोठा कुत्रा आपलासा होत नाही’ ही समजूत साफ चुकीची आहे. रोज खायला घालणाऱ्या आणि फिरवणाऱ्या माणसाचा तो काही आठवड्यांत होतो.

तुम्ही विचारलेल्या तीन जातींचं सांगतो. हस्की विसरा. लांब पल्ल्याची गाडी बर्फातून ओढायला घडवलेलं ते शरीर आहे. अंगावर केसांचे दोन थर, पळण्याची अफाट हौस, कुंपण ओलांडण्यात तरबेज आणि एकटं ठेवलं की गळा काढून रडणारं. दुसऱ्या मजल्यावर दिवसभर बंद राहणं त्याला शिक्षा आहे. जर्मन शेफर्ड बुद्धिमान आणि निष्ठावान असतो यात शंका नाही, पण त्याला रोज काम लागतं. काम नसेल तर तो स्वतःच शोधतो : दाराशी येणाऱ्या प्रत्येकावर भुंकणं, धावणाऱ्या मुलांना वळवून एका जागी आणणं, तेही टाचांना दात लावून. मुलांचे मित्र घरात येऊन कुस्ती खेळू लागले की नेमकं कोण कोणाला मारतंय हे त्याला कळत नाही. पहिलाच कुत्रा, घरी दुखऱ्या गुडघ्यांची आजी आणि लहान मूल, हा मेळ बसत नाही. लॅब्रॅडॉर स्वभावाने या तिघांत मुलांना सगळ्यांत सोयीचा, पण पहिली दोन-अडीच वर्षं तो म्हणजे २५ ते ३६ किलोंचं वादळ असतं. त्याला रोज किमान तासभर तरी घाम गाळणारा व्यायाम हवा. शिवाय तो खादाड असतो. मुलांच्या हातातलं, ताटातलं, खाली सांडलेलं सगळं त्याचंच, आणि वजन वाढलं की कंबरेचे सांधे आधी जातात. तीन-चार वर्षांचा, वजन आटोक्यात असलेला लॅब्रॅडॉर मिळाला तर जरूर बघा. फक्त म्हातारपणी किंवा आजारपणात एवढ्या वजनाला दोन मजले उचलून कोण नेणार, हेही आत्ताच ठरवा.

‘मग छोटा कुत्रा घेऊ’ असं साहजिकच मनात येईल. घाई करू नका. पॉमेरेनियन, चिवावा अशा खेळण्याएवढ्या कुत्र्यांच्या पुढच्या पायांची हाडं इतकी बारीक असतात की मुलाच्या कडेवरून उडी मारली तरी मोडू शकतात. तीन वर्षांचं मूल कुत्र्याला उचलतंच, आणि बहुतेक वेळा पोटाला धरून पाय लोंबकळत ठेवून उचलतं. डॅशहुंडचा लांब कणा अशा उचलण्यात दुखावतो, मणक्यातली चकती सरकते आणि मागचे पाय लुळे पडू शकतात. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांची श्वासनलिका जन्मतःच अडचणीत असते. उन्हात मुलांबरोबर धावले की ती धापा टाकतात आणि थांबायचं कधी ते मुलांना समजत नाही. बीगल आकाराने जवळपास बरोबर, नऊ ते अकरा किलोंचा, मुलांत रमणारा. पण नाक जिकडे नेईल तिकडे तो जातो, हाक ऐकत नाही आणि एकटा राहिला तर शेजाऱ्यांना कळवतो.

एवढं सांगूनही जातीला फार महत्त्व देऊ नका. २०२२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात १८ हजारांहून अधिक कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कुत्र्या-कुत्र्यांच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम ९ टक्के जातीवरून सांगता येतो, असं त्यात आढळलं. आकार, केस, ताकद, सांध्यांचे आजार हे जात सांगते. ‘हा कुत्रा माझ्या मुलीच्या किंचाळण्यावर काय करेल’ हे तो कुत्राच सांगतो. म्हणून कुत्रा कसा बघायचा, ते नीट वाचा.

पहिल्या भेटीला मुलांना नेऊ नका. मुलं पहिल्याच कुत्र्याच्या गळ्यात पडतात आणि मग नाही म्हणायची हिंमत कुणाला होत नाही. तुम्ही दोघंच जा आणि कुत्र्याला पिंजऱ्याबाहेर, मोकळ्या जागेत, किमान अर्धा तास बघा. जिथून घेणार त्यांना विचारा : आधीच्या घराने का सोडला? तिथे कोणत्या वयाची मुलं होती? खाताना जवळ गेलं तर काय करतो? झोपेतून उठवलं तर? एकटा किती तास राहिला आहे? कधी कुणाला दात लावले का, लावले असतील तर कातडी फुटली होती का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तर तुमच्या घरासाठी तो कुत्रा नाही, कारण काहीही असो.

मग तुम्ही स्वतः बघा. खाली बसा, हाक मारू नका, वाट पाहा. तो आपणहून, अंग सैल सोडून, मागचा भाग डोलावत जवळ आला तर छान. छातीवर किंवा खांद्यावर तीन सेकंद खाजवा आणि हात काढून घ्या. तो अजून जवळ सरकला, हाताला नाक लावलं, तर त्याला ते आवडतं आहे. नुसता जागच्या जागी उभा राहिला, मान वळवली, ओठ चाटले, तर तो सहन करतो आहे. सहन करणारा कुत्रा आणि मुलांची ओढ असलेला कुत्रा पहिल्या दिवशी सारखेच दिसतात. फरक सहाव्या महिन्यात कळतो, जेव्हा सहन करणाऱ्याची सहनशक्ती संपते. तुम्हाला ओढ असलेलाच हवा.

कान, पंजे, शेपटीचं मूळ यांना हलकेच हात लावून बघा, कारण मुलं नेमकं तेच ओढतात. त्याच्यापासून आठ-दहा फुटांवर स्टीलचं भांडं जमिनीवर पाडा. दचकेल, ते चालेल. काही सेकंदांत सावरून भांडं हुंगायला आला तर उत्तम. कोपऱ्यात गेला आणि पाच मिनिटं बाहेर आला नाही, तर तुमच्या घरातला गोंधळ त्याला रोजचा छळ होईल. ताटाजवळ हात नेऊन परीक्षा घेणं मात्र टाळा, ते काम जाणकाराचं. दुसऱ्या भेटीला सासूबाईंना न्या आणि पट्टा त्यांच्या हातात द्या. कुत्रा ओढतो का, त्यांना कसं वाटतं, ते तिथेच समजेल. मुलं तिसऱ्या भेटीला. त्यांना खाली बसवा आणि कुत्र्याला त्यांच्याकडे यायचं की नाही ते ठरवू द्या. तो मोठ्या माणसांना सोडून मुलांकडे गेला, तर तुमची निवड जवळपास झाली.

अ‍ॅलर्जीचं याच भेटींमध्ये उरकून घ्या. ‘अमुक जातीने अ‍ॅलर्जी होत नाही’ असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. त्रास केसांच्या लांबीमुळे होत नसतो, कुत्र्याच्या लाळेतल्या आणि त्वचेच्या कोंड्यातल्या प्रथिनांमुळे होतो, आणि ती प्रत्येक कुत्र्यात असतात. मुलाला त्याच कुत्र्याबरोबर बंद खोलीत तास-दीड तास बसवा, वेगवेगळ्या दिवशी तीन-चार वेळा. शिंका, डोळे लाल होणं, रात्रीचा खोकला यांवर लक्ष ठेवा आणि आधी त्याच्या डॉक्टरांशी बोला. दमा असेल तर त्यांच्या होकाराशिवाय पुढे जाऊ नका.

कुत्रा घरी येण्याआधीच पशुवैद्याकडून तपासून घ्या. रेबीजची आणि इतर लसींची नोंद बघा. नोंद नसेल तर दिलेलीच नाही असं धरून नव्याने सुरू करा. विष्ठेची तपासणी आणि जंतनाशक औषध टाळू नका. गोलकृमीची अंडी मातीतून, हातांतून मुलांच्या पोटात जाऊ शकतात आणि तीन वर्षांचं मूल दिवसभर बोटं तोंडात घालतं. गोचिडांचं औषधही त्याच वेळी. मागचे पाय उचलताना कुत्रा आखडतो का, कानाला हात लावू देत नाही का, हे विचारा. दुखणारा कुत्रा अचानक चावू शकतो.

घरात तीन गोष्टी आधी तयार हव्यात. एक, कुत्र्याची अशी जागा जिथे मुलांचा हात पोचत नाही. क्रेट, म्हणजे कुत्र्याचा पिंजरा, चालेल किंवा फाटक लावलेला कोपरा, पण तिथे कुत्रा असताना कुणीही त्याला हात लावायचा नाही. दोन, धाकटी आणि कुत्रा यांच्यामधलं फाटक. सासूबाई स्वयंपाकघरात किंवा बाथरूममध्ये जातील तेव्हा ते बंद. तीन वर्षांच्या मुलीला ‘त्रास देऊ नकोस’ सांगून उपयोग नसतो, तिला ते पुढच्या मिनिटाला आठवत नाही. नियम तिच्यासाठी नाहीत, फाटक तिच्यासाठी आहे. लहान मुलांना होणारे चावे बहुतेक ओळखीच्या कुत्र्याचे असतात, आणि मुलाचा चेहरा कुत्र्याच्या तोंडाजवळ येत असल्याने जखम बहुधा चेहऱ्यावर होते. म्हणून दोघं एकत्र असतील तेव्हा मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवंच. समोरच्या सोफ्यावर फोन बघत बसलेलं माणूस धरायचं नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे घरातल्या सगळ्या मोठ्यांना कुत्र्याची भाषा यायला हवी. झोप आलेली नसताना जांभई, पुन्हा पुन्हा ओठ चाटणं, तोंड वळवून डोळ्याचा पांढरा भाग दिसणं, शेपूट पोटाखाली, आणि सगळ्यांत गंभीर म्हणजे अंग एकदम ताठ होऊन थिजणं. यांतलं काहीही दिसलं की मुलाला बाजूला करा. कुत्रा गुरगुरला तर त्याला रागावू नका. गुरगुरणं ही सूचना आहे. सूचना दिल्याबद्दल मार खाल्लेला कुत्रा सूचना देणं बंद करतो, भीती मात्र तशीच राहते, आणि पुढच्या वेळी तो थेट चावतो. कधी दात लागलेच तर जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि डॉक्टरकडे जा, घरच्या कुत्र्याचे असले तरी.

मोठ्या मुलाला मात्र नियम शिकवता येतात. झोपलेल्या, खाणाऱ्या आणि आपल्या जागेत असलेल्या कुत्र्याला हात लावायचा नाही. मिठी मारायची नाही. माणसाला ती माया वाटते, कुत्र्याला अडकल्यासारखं वाटतं. आपण जायचं नाही, त्याला बोलवायचं. पाणी भरणं, मापाने खाणं काढून देणं, ‘बस’ शिकवणं ही कामं त्याला द्या. पट्टा एकट्याच्या हातात देऊ नका, पंधरा किलोंच्या कुत्र्याचा हिसकाही सात वर्षांच्या मुलाला रस्त्यावर ओढून नेतो. आणि कामाचा त्याला कंटाळा येईल, हे आजच धरून चाला. कुत्रा तुम्हा दोघांचा आहे, सकाळी सहाची फेरी तुमच्यापैकी एकाची.

हे सगळं वाचूनही मन पिल्लावरच असेल, तर धाकटी सहा वर्षांची होईपर्यंत थांबा. तेव्हा आठ आठवड्यांच्या आधी पिल्लू आईपासून तोडून आणू नका. चावताना जोर किती लावायचा हे ते आई आणि भावंडांकडून शिकतं. साधारण तीन ते चौदा आठवडे या वयात त्याने जी माणसं, आवाज आणि मुलं बघितली, ती त्याला आयुष्यभर नेहमीची वाटतात, म्हणून घरात माणसांत वाढलेलंच पिल्लू निवडा. आई दाखवायला तयार नसलेल्या विक्रेत्याकडून परत या. आई घाबरट किंवा अंगावर येणारी असेल तरीही परत या. मोठ्या जातीचं घेत असाल तर आईवडिलांच्या कंबरेच्या सांध्यांचे एक्स-रे मागा, ‘आमच्याकडे कधी त्रास झाला नाही’ हे उत्तर पुरेसं नाही.

दत्तक देणारे तयार असतील तर आधी काही आठवड्यांच्या बोलीवर कुत्रा आणा. पहिले तीन दिवस तो बहुतेक गप्प राहील, खाणार नाही, त्यावरून काही ठरवू नका. खरा स्वभाव तीन आठवड्यांच्या सुमारास दिसू लागतो. पूर्ण रुळायला तीन महिने धरा. तुमच्यापैकी एकाने पहिला आठवडा रजा घ्यावी. वाढदिवसाच्या किंवा पाहुण्यांनी भरलेल्या दिवशी त्याला आणू नका. शक्यतो कामाच्या दिवशी सकाळी आणा, म्हणजे मोठा शाळेत असेल, धाकटी दुपारी झोपेल आणि सासूबाईंना त्याची ओळख शांतपणे करून घेता येईल.